गळ्याच्या वर आई, गळ्याखाली कंपनी

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या, आणि तुझ्याच शब्दांत सांगायचं तर वाया गेलेल्या, भावाचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा अजून दुमडत नाही, तेव्हा सध्या सात अंगांवर भागवून घे). पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच "अरे पण मी काय सांगत होते" असं म्हणता येत नाही, म्हणून हा खटाटोप. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की ते अजून दुसऱ्याचं बोलणं तोडण्यासाठीच खोकतात? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि मागच्या वेळी त्यांनी दिलेला सल्ला मी मानला नाही हेही सांग. त्यांना आनंद होईल, कारण त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. इकडे आम्ही सगळे ठीक. बाबांचा रक्तदाब बरा आहे. माझं वजन स्थिर आहे, म्हणजे तू गेल्या वेळी ज्यावरून ओरडली होतीस तेवढंच आहे. आणि आईचं विचारशील, तर आई मी विकली.

बस आधी. पाणी पी. खरी आई घरीच आहे, आत्ता स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आवाज करून लावते आहे. मी विकली ती शोरूममधली, प्लायवूडची. पण ताई, प्लायवूडची म्हणून तू सुटकेचा निःश्वास टाकू नकोस. गेले पंधरा दिवस या घरात जे चाललं आहे त्यापेक्षा खरी विकली असती तर निदान तिने जाता जाता चार शब्द तरी सुनावले असते, आणि विषय तिथेच संपला असता.

तुला ती आठवत असेलच. शोरूमच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला उभी. साडेपाच फूट उंच, एक पाय पुढे, उजवा हात लांब केलेला आणि त्या हाताच्या बोटाला पितळी आकडा. कंपनीने नव्या गाडीबरोबर ही कापीव बाई पाठवली तेव्हा तिचा चेहरा खरोखरच देखणा होता (हे वाक्य आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस). मग छत गळलं, आणि एवढं मोठं शोरूम सोडून पाणी गळलं ते नेमकं तिच्या तोंडावर. चेहरा आधी फुगला, मग त्याचे पापुद्रे सुटले. बाबांनी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं. त्या माणसाने तोपर्यंत आयुष्यात फक्त अक्षरं आणि बाण काढले होते. चेहरा काढायचा तर बघायला चेहरा हवा, आणि समोर चौकशीच्या टेबलावर कोण बसलं होतं? सव्वीस वर्षांची आई, जी तेव्हा आपली किंवा कुणाचीच आई नव्हती. दोन दिवसांत पेंटरने काम संपवलं. डोळे जमले, हनुवटी जमली, नाक तेवढं चुकलं. तेव्हापासून ती तशीच आहे: गळ्याच्या वर आई आणि गळ्याखाली कंपनी. कंपनीचा आखूड झगा, कंपनीची कंबर, कंपनीच्या पिंढऱ्या. लग्नानंतर सासरची माणसं गाडी बघायला आली आणि गाडी न बघताच गेली, हे आईने आपल्याला किती वेळा सांगितलं असेल? झगा घोट्यापर्यंत वाढवून घ्या म्हणून तिने वर्षभर बाबांच्या मागे टुमणं लावलं. बाबांनी रीतसर कंपनीला पत्र लिहून परवानगी मागितली (बाबाच ते!), आणि कंपनीने रीतसर कळवलं की प्रदर्शनाच्या साहित्यात फेरफार करू नये.

तरी बावन्न वर्षं आपली प्रत्येक गाडी तिच्याच हातून गेली. बाबांनी कुणाला चावी कधी स्वतःच्या हाताने दिली नाही. कागदांवर सह्या झाल्या की चावी तिच्या बोटाच्या आकड्याला अडकवायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "बाईंच्या हातून घ्या." गिऱ्हाईक हसायचं, चावी काढायचं, फोटो निघायचा. आणि नोकरी सोडेपर्यंत मागे टेबलावर खरी बाई ओठ घट्ट मिटून बसलेली असायची. एकाही फोटोत ती हसलेली नाही, मी आत्ता अल्बम काढून तपासलं.

आता विकण्याचं प्रकरण. शोरूम बंद झालं हे तुला ठाऊक आहे. महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची होती, तिथे आता गाद्यांचं दुकान येतंय. बाबा सगळं भंगारात द्यायला निघाले होते. मी मध्ये पडलो. मी मध्ये पडलो की काय होतं हे मत्स्यालयाच्या आणि अळंबीच्या धंद्यानंतर तू मला सांगायला नको, पण या वेळी माहिती पक्की होती. हल्ली पैसेवाले लोक म्हणे आपली गॅरेजं सजवतात. गॅरेज म्हणजे आपल्या फिटरचं नव्हे, जिथे जमिनीवर पाय घसरतो आणि वर बघितलं तर डोळ्यांत तेल पडतं. यांची गॅरेजं म्हणजे घराला लागून गाडीची स्वतंत्र खोली. तिथे भिंतीवर जुन्या पाट्या, कोपऱ्यात जुना पंप, बसायला ऑईलचा पिंप. गाडी बिघडली तर हे लोक बोनेटला हात लावत नाहीत, फोन लावतात. पण संध्याकाळी त्या पिंपावर बसून त्यांना आपण मेकॅनिक आहोत असं वाटतं, आणि तसं वाटण्यासाठी जे सामान लागतं ते सगळं आपल्याकडे पडून होतं. बाबांनी स्वतः तीन महिने करवतीने कापून आतले दट्टे उघडे केलेलं अर्धं इंजिन, गोल फिरणारा चौथरा (जो तू आणि मी बसल्यावर बंद पडला होता), भिंतीवर लावलेलं गाडीचं नुसतं तोंड, टायरचं घड्याळ आणि इनॅमलच्या सगळ्या पाट्या. म्हणजे एक सोडून सगळ्या. गाडीमागच्या भिंतीवर एक लांबट पांढरा चौकोन आहे, तिथली "कृपया हात लावू नये" ही पाटी पंचवीस वर्षांपूर्वी, म्हणजे साधारण तुझ्या लग्नाच्या आठवड्यात, नाहीशी झाली. चोर कोण हे मला माहीत नाही असं आपण तूर्त धरून चालू.

यादी करताना बाबांना आईच्या टेबलावरची पितळी घंटी पण आठवली. तीही अशीच गेलेली, तू जन्माला आलीस आणि आईने नोकरी सोडली त्या सुमारास. बाबांनी तेव्हा वॉचमनवर संशय घेतला होता, आणि तो बिचारा निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी स्वतःहून खिसे उलटे करून दाखवायचा. बाबा अजून हळहळत होते. आई म्हणाली, "गेली तर गेली, घंटीच होती," आणि उठून आत गेली.

मी आणि फिटरने आठ दिवस राबून सगळा माल चकाचक केला. घासला, पुसला, त्यावर लालभडक रंग मारला. तुला सांगतो, इंजिनात तोंड दिसत होतं. पहिलं गिऱ्हाईक आलं, एक दाढीवाला. त्याने दारातून एक नजर टाकली आणि डोकं धरून मटकन खालीच बसला. मला वाटलं चक्कर आली. थोड्या वेळाने क्षीण आवाजात म्हणाला, "गंज कुठंय?" मी अभिमानाने म्हणालो, काढला. ताई, तो माणूस रडायचाच बाकी होता. त्याचं म्हणणं, गंज हीच तर किंमत! पन्नास वर्षं जी गोष्ट आपण बाबांच्या ओरड्याला भिऊन तेल लावून लावून रोखली, ती होऊ दिली असती तर आज घराला तुझ्या घरासारखा तीन खोल्यांचा मजला चढला असता. फिटर म्हणाला, घाबरू नका, गंज आपण करू. मीठ, व्हिनेगर आणि पाणी यांचं मिश्रण करून आम्ही सगळा माल गच्चीवर मांडला आणि रोज सकाळी झारीने पाणी घालायला लागलो. तुझ्या भावजयीने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, पीक कधी येणार?

पीक उत्तम आलं. पण बाबांना तू ओळखतेसच. आयुष्यभर गाडी विकताना गिऱ्हाइकाने विचारायच्या आत तिचे दोष सांगणारा माणूस. लोक पाटीवरून बोट फिरवत "वा, काय काळ बघितला असेल हिने" म्हणायचे, आणि बाबा मागून येऊन शांतपणे सांगायचे, "हा गंज गेल्या गुरुवारचा आहे." मी हात टेकले. वर प्रत्येक वस्तूला त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी बांधली: कुठे उभी होती, काय मोडलं आहे, कुणी मोडलं (चार चिठ्ठ्यांवर तुझा उल्लेख आहे, दोनांवर माझा). गंमत म्हणजे लोक त्या चिठ्ठ्यांवर भाळले. माल खपला तो माझ्या गंजामुळे नाही, बाबांच्या खरेपणामुळे. धंद्याचं हे तंत्र मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

तर या यादीत पहिला नंबर कुणाचा, तर तिचा, आणि तो घालायला लावला आईनेच. म्हणाली, "ती बया आधी काढा घराबाहेर." (ती घरात नव्हतीच, पण आईच्या मनात ती कायम घरातच होती.) मी बाबांकडे बघितलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "तिला नको असेल तर लिही." मी लिहिलं. मला काय कळणार गं? मी लिहून मोकळा झालो.

घेतली दातांच्या डॉक्टरांनी. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर ज्यांचा दवाखाना आहे ते. साधारण तुझ्याच वयाचे, बोलायला फार गोड, तोंडात हत्यार असताना प्रश्न विचारतात तेवढा एक दोष. त्यांनी ती घेतली, गाडीचं तोंड घेतलं, टायरचं घड्याळ घेतलं आणि गल्ल्यावरची "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटीसुद्धा घेतली. तिला गाडीच्या टपावर आडवी बांधली, तोंड आभाळाकडे, हात वर. आई खास बघायला आली होती, खरंच जाते की नाही म्हणून. गाडी वळली तेव्हा टपावरचा तो हात असा काही हलला की फिटरने नकळत टाटा केला. बाबांनीही केला. आईने नाही केला.

त्या दिवसापासून घराचं चक्र बिघडलं. पहिल्या दिवशी चहात साखर नव्हती. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ दोनदा होतं. तिसऱ्या दिवशी आईने भाजी निवडता निवडता, मान वर न करता विचारलं, त्या डॉक्टरांच्या गॅरेजात ओल असते का रे? मी म्हणालो, मला काय माहीत. चौथ्या दिवशी विचारलं, खिडकी आहे का? मी सगळं लक्ष बाबांकडे ठेवून होतो. मला वाटत होतं, झुरणार तर बाबा झुरतील, आणि बाबा तर मजेत शब्दकोडी सोडवत होते. पाचव्या दिवशी सकाळी आई गालाला हात लावून बाहेर आली आणि म्हणाली, "दात फार दुखतोय, मला डॉक्टरांकडे ने."

मी बाबांकडे बघितलं, बाबांनी कपात बघितलं. ताई, आईचा शेवटचा दात हे जग सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली. ती हे बोलत होती तेव्हा तिची कवळी तिच्यासमोर वाटीत होती.

पण मी नेलं. आई म्हणते ने, तर न्यायचं, एवढं शहाणपण मत्स्यालय बुडाल्यापासून आलंय. डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, दिवा लावला, आत बघितलं आणि अत्यंत आदराने विचारलं, कुठला दुखतोय? आईने एकंदर सगळ्या तोंडाकडे बोट केलं. डॉक्टर म्हणाले, इथे तर काही नाहीये. आई म्हणाली, "म्हणूनच आतून दुखतंय." त्यांनी कवळी जराशी घासून दिली. खुर्चीतून उतरता उतरता आईने सहज (तिचं सहज तुला माहीत आहे) विचारलं, तुमचं ते गॅरेज म्हणे फार छान सजवलंय? झालं! डॉक्टरांची कळी खुलली. पुढचे दोन पेशंट गाल धरून बसले होते त्यांना तसेच टाकून ते आम्हाला मागे घेऊन गेले.

काय ते गॅरेज! फरशी इतकी स्वच्छ की आपण चपला हातात घेतो. भिंतभर पाट्या, पाने उंचीप्रमाणे टांगलेले (एकाही पान्याने अजून एकही नट बघितलेला नाही), आणि त्यांची स्वतःची गाडी बाहेर झाडाखाली पक्ष्यांच्या स्वाधीन, कारण आत गाडीला जागा उरलेली नाही. कोपऱ्यात टायरच्या घड्याळाखाली ती उभी होती. आणि तिच्या लांब केलेल्या हाताला, त्या पितळी आकड्याला, डॉक्टरांची ओली छत्री टांगलेली होती. पाणी टपटप कंपनीच्या पिंढऱ्यांवर पडत होतं. आई छान आहे म्हणाली, पदराने कपाळ पुसलं आणि निघाली. परतताना मी गाडी चालवत होतो, ती शेजारी सरळ समोर बघत बसलेली. चौकातला दिवा लाल झाला, गाडी थांबली आणि आई म्हणाली, "त्याने माझ्या हाताला छत्री अडकवलीय."

माझ्या! ताई, मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. या पंचेचाळीस वर्षांत आईने तिला बया म्हटलं, भवानी म्हटलं, तुझ्या बाबांची ती म्हटलं. माझ्या कधीच म्हटलं नव्हतं. दिवा हिरवा झाला, मागचे भोंगे वाजवायला लागले, मला गिअर सापडेना.

घरी आल्यावर मग व्हायचं ते झालं. आईने बाबांना थेट विचारलं, मी विका म्हटलं आणि तुम्ही विकलीत? बाबा म्हणाले, तुला कधी आवडलीच नव्हती ती. आई म्हणाली, मला नाक आवडत नव्हतं. नाक आवडत नाही म्हणून कुणी माणूस विकतं का? मग तिने तो बावन्न वर्षांचा मुद्दा काढला, की तुमच्या त्या मेल्या पेंटरला समोर मीच दिसले म्हणून माझं असं झालं, दुसरी कुणी बसली असती तर तिचं झालं असतं. तेव्हा बाबा हळूच म्हणाले, पेंटरने विचारलं होतं, चेहरा कुणाचा काढू? मीच तुझ्याकडे बोट केलं.

आपला बाप, जो गंजाची तारीख लपवू शकत नाही, त्याने एवढी गोष्ट बावन्न वर्षं पोटात ठेवली! मला वाटलं, आता आई रडणार. आई म्हणाली, "मग नाक नीट काढ म्हणून का नाही सांगितलंत?" बाबा म्हणाले, मला ते बरोबरच वाटलं होतं, मला तू तशीच दिसायचीस. आई उठून आत गेली. त्या दिवशी चहात चार चमचे साखर होती.

दुसऱ्या दिवशी मी छाती काढून डॉक्टरांकडे गेलो, म्हटलं बाई परत द्या. डॉक्टरांनी फक्त बोट वर केलं. मी वळून बघितलं तर मीच विकलेली पाटी: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तोंडात मारल्यासारखं झालं. मग त्यांनी बसवून घेतलं, पिंपावर, आणि सांगितलं की त्यांच्या वडिलांनी आयुष्यातली एकुलती एक गाडी आपल्याकडून घेतली होती. चावी काढताना वडिलांनी त्यांना कडेवर उचललं होतं आणि चावी त्यांनी स्वतः, इवल्या हाताने, बाईंच्या बोटावरून काढली होती. वडील गेले, गाडीही गेली, ही बाई राहिली. त्यांचंही बरोबरच होतं. छत्री तेवढी काढा म्हटलं, ती त्यांनी शरमून लगेच काढली. रविवार-रविवार आणून ठेवू का, असंही विचारलं. मी हात हलवत परत आलो.

मग काल बाबा स्वतः गेले. इस्त्रीचा शर्ट आणि गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना लावायचे तो मरून रंगाचा टाय. मला बरोबर येऊ दिलं नाही. तासाभराने परत आले, काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, शब्दकोडं उघडून बसले. असो. होईल ते खरं. आम्ही आमचे दिवस ढकलतो आहोत. तू उगाच काळजी करू नकोस, पाठीला शेक दे. भाऊजींना पुन्हा नमस्कार. पत्राचं उत्तर पत्रानेच दे, फोनने नको.

तुझाच,
अर्ध्या आईचा विक्रेता

ता. क. बरं, एक बारीकसं काम होतं, लिहायचं राहूनच गेलं. बाबा काय कबूल करून आले ते आत्ता कळलं. डॉक्टर बाई द्यायला तयार आहेत, पण बदल्यात त्यांना ती "कृपया हात लावू नये" ची पाटी हवी आहे. कारण असं की लहानपणी चावी मिळाल्यावर त्यांनी आनंदाने शेजारच्या नव्या गाडीला हात लावला, आणि त्या पाटीखाली स्टुलावर बसलेल्या दोन वेण्यांच्या एका भांडकुदळ मुलीने त्यांच्या बोटांवर फूटपट्टी मारली. वडिलांच्या त्या दिवसाची हीदेखील आठवण आहे म्हणे. मुलगी कोण होती हे बाबांनी सांगितलं नाही, पण डॉक्टरांना मी तुझा फोटो दाखवला तर त्यांनी बोटं मागे घेतली. तरी ती पाटी पाठवून दे.

ता. क. २. "माझ्याकडे कुठली पाटी?" असं तू लिहिणार, म्हणून वेळ वाचवतो. भाऊजींच्या वाढदिवसाचा तू पाठवलेला फोटो माझ्यासमोर आहे. भाऊजी केक कापत आहेत, आणि त्यांच्या टकलाच्या बरोबर वर, बिस्किटांच्या डब्यांच्या कपाटावर, लाल अक्षरांत "लावू नये" इतकं स्पष्ट वाचता येतं. इतकी वर्षं त्या माणसाला एक बिस्कीट सुखाने खाऊ दिलं नाहीस. आता पुरे.

ता. क. ३. आणि घाई अशासाठी की डॉक्टरांनी बाबांच्या नुसत्या शब्दावर बाई आज सकाळीच पोचती केली. आपल्या हॉलमध्ये, कोपऱ्यात उभी आहे. पाटी शनिवारपर्यंत देतो असं बाबा बोलून बसलेत. बावन्न वर्षांत त्यांनी एकही गाडी उशिरा दिलेली नाही, हे मी तुला सांगायला नको. आई म्हणाली, तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवा. तासाभराने मी बघितलं तर तोंड खिडकीकडे होतं.

(यापुढचं माझं अक्षर आहे, आईचं.)

बाळ, हे पत्र टपालात टाकायला त्याने माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं म्हणून वाचलं. चिकटवलेलं असतं तरी वाचलं असतं. त्याने पाल्हाळ फार लावलं आहे, पण आमटीचं खरं आहे. पाटी डॉक्टरांना द्यायची नाही. आज दुपारी दाताचं निमित्त काढून मी पुन्हा त्यांच्याकडे जाऊन आले आणि पाटीऐवजी माझ्या टेबलावरची पितळी घंटी त्यांना दिली. हो, तीच. कपाटात माझ्या स्वेटरांखाली होती. वॉचमनचं फार वाईट वाटतं. तुझ्या बाबांना मी आपण होऊन सांगेन, तू मध्ये बोलू नकोस. डॉक्टर खूश आहेत, ते ती वाजवून पेशंट आत बोलावणार आहेत.

पाटी तरीही पाठव. लगेच पाठव, आणि माझ्या नावाने पाठव. तुझे बाबा सकाळपासून चार वेळा येऊन तिच्या खांद्यावरची धूळ पुसून गेले. मी समोरच खुर्चीत बसलेली होते. पाटी मला तिच्या गळ्यात अडकवायची आहे. चेहरा पुसला तर माझं काही म्हणणं नाही. खांदे कंपनीचे आहेत.